तळघरातील ज्योत

थंडी ही आपल्याकडे पाहुणी म्हणून येते. पौष महिन्यात निफाडच्या द्राक्षबागांवर दव गोठते, इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांत शेगडी ओसरीवरून माजघरात येते, दिल्लीत पेटीतल्या रजया बाहेर निघतात. आणि संक्रांत उलटून महिना झाला नाही तोच ही पाहुणी आपले बिऱ्हाड आवरते. अमेरिकेच्या ईशान्य भागातील थंडी ही मात्र घरची मालकीण असते. तेथे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घर तापवावे लागते, आणि ते केवळ सुखासाठी नव्हे. घर चार दिवस थंड पडले तर भिंतींतील नळांत पाणी गोठते, नळ फुटतात, आणि पुढे बर्फ वितळू लागला की छतापासून तळघरापर्यंत पाण्याचे राज्य होते. म्हणूनच तेथील गृहस्थ घराचे छप्पर जितक्या काळजीने पाहतो, तितक्याच काळजीने तळघरातील ज्योतही पाहतो.

न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट या राज्यांत गेल्या काही दशकांत पुष्कळ मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्यांपैकी एखाद्या कुटुंबाने जुने घर विकत घेतले, की तळघराच्या कोपऱ्यात एक अवजड लोखंडी टाकी दृष्टीस पडण्याचा संभव असतो. तिच्यात बहुधा २७५ गॅलन, म्हणजे हजार लिटरांहून थोडे अधिक तेल मावते. हे तेल जवळजवळ डिझेलच होय. रस्त्यावरील वाहनांसाठीचा कर त्यावर भरलेला नसल्यामुळे ओळखीसाठी त्यात लाल रंग घातलेला असतो. अमेरिकेत अजूनही सुमारे ५० लाख घरे तेलावर तापतात आणि त्यांतील बहुतेक याच ईशान्य भागात आहेत. अशा घरात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्याचे बिल हाती पडताच शेजारी सांगतात, की रस्त्याखालून नैसर्गिक वायूचा नळ गेला आहे, तोच का घेत नाही? सल्ला सोपा आहे. तो अमलात आणताना कोणकोणत्या गोष्टी हलवाव्या लागतात, हे जाणणे तितके सोपे नाही.

प्रथम जुनी व्यवस्था पाहू. तेल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याची वाफ अथवा अतिसूक्ष्म तुषार व्हावे लागतात. म्हणून टाकीतून आलेले तेल एक लहान पंप दर चौरस इंचास १०० पौंड किंवा त्याहून अधिक दाबाने बारीक तोटीतून फवारतो, पंखा त्यात हवा मिसळतो, आणि सुमारे १०,००० व्होल्टची ठिणगी तो फवारा पेटवते. ज्योत लागली की नाही हे पाहण्यासाठी एक प्रकाशाला जागणारा डोळा बसवलेला असतो. काही सेकंदांत त्याला ज्योत दिसली नाही, तर तो पंप बंद पाडतो. या ज्योतीने बॉयलरमधील पाणी तापते, आणि ते गरम पाणी अथवा जुन्या घरांत त्याची वाफ खोल्याखोल्यांतील लोखंडी रेडिएटरांत फिरते. ही यंत्रणा दणकट असते. तीस-चाळीस वर्षे चाललेले बॉयलर तिकडे नवलाचे नाहीत. मात्र तिला दरवर्षी साफसफाई लागते, कारण तेलाच्या ज्योतीमागे काजळी राहतेच.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो टेक्सासच्या भूमीतून ईशान्येकडील शहरांपर्यंत पोचला, त्या हकिकतीत तेल आणि वायू यांचा एक मौजेचा संबंध आहे. १९४२ च्या आरंभी जर्मन पाणबुड्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेलवाहू जहाजे बुडवण्याचा सपाटा लावला. तेव्हा सरकारने टेक्सासपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जमिनीखालून दोन प्रचंड नळ टाकले. एक २४ इंच व्यासाचा, दुसरा २० इंचांचा. ‘बिग इंच’ आणि ‘लिटल बिग इंच’ ही त्यांची नावे. युद्ध संपले, जहाजे पुन्हा चालू लागली, आणि या नळांचे काय करावे हा प्रश्न आला. १९४७ मध्ये ते १४ कोटी ३१ लाख डॉलरांना विकले गेले आणि त्यांतून तेलाऐवजी वायू वाहू लागला. घराघरांतील इंधनपालट पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. पण खुद्द नळांनी तो आधीच करून दाखवला होता.

यानंतर लोकांना वायूकडे ढकलण्याचे काम तेलाच्या भावानेच केले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत सुमारे चौपट झाली. २००८ नंतर पेनसिल्व्हेनियातील खोल खडकांतून वायू काढण्याची नवी रीत फैलावली आणि ईशान्येच्या दाराशीच वायूचा मोठा साठा खुला झाला. उलट २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे घर तापवण्याचे तेल गॅलनमागे ५ डॉलरच्या वर चढले. टाकी भरायला आलेल्या मोटारीला एका फेरीस हजार डॉलर मोजावे लागले, की माणूस हिशेबाला बसतो.

हा हिशेब कसा करावा, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण तेलाचे माप गॅलन आणि वायूचे माप थर्म, अशी त्यांची भाषाच निराळी. थर्म म्हणजे १ लाख ब्रिटिश उष्णता एकके. एका गॅलन तेलात अशी सुमारे १ लाख ३९ हजार एकके असतात. म्हणजे एक गॅलन तेल आणि जवळजवळ १.४ थर्म वायू यांची उष्णता सारखी. समजा, एका घराला हिवाळाभर ८०० गॅलन तेल लागते. त्याची उष्णता झाली सुमारे १,११० थर्म. जुना बॉयलर त्यातील शेकडा ८० उष्णता घराला देतो आणि बाकीची धुराड्यातून आकाशाला देतो, असे धरले, तर घराची खरी गरज ८९० थर्मांच्या आसपास येते. नवा बॉयलर शेकडा ९२ उष्णता उपयोगी लावत असेल, तर त्याला ९७० थर्म वायू पुरेल. आता दोन्हीकडचे चालू भाव घालून गुणाकार करावा, आणि जी वार्षिक बचत निघेल तिने बदलाच्या एकूण खर्चाला भागावे. तितक्या वर्षांनी पैसे फिटतील. पुष्कळ लोक ८०० गॅलनांची तुलना ८०० थर्मांशी करून मोकळे होतात, आणि मग विक्रेत्याने दाखवलेली बचत प्रत्यक्षात का उतरली नाही, याचा शोध पुढच्या हिवाळ्यात करत बसतात.

बदलाचे मार्ग दोन. पहिल्यात बॉयलर जुनाच ठेवून त्याच्या तोंडाशी असलेला तेलाचा बर्नर काढतात आणि वायूचा बसवतात. मुंबईत सिलिंडर जाऊन नळाचा गॅस आला की कारागीर शेगडीचे जेट बदलतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. सिलिंडरमधील वायूपेक्षा नळातील वायूत समान आकारमानाला उष्णता बरीच कमी असते, म्हणून छिद्र मोठे करावे लागते. शेगडी तीच, छिद्र नवे. बॉयलरच्या बाबतीत बदल याहून मोठा असतो, कारण फवाऱ्याच्या जागी वायू येतो; पण तत्त्व तेच. हा मार्ग स्वस्त आहे. जुना बॉयलर चांगला असेल आणि त्याच्या निर्मात्याने अशा बदलास मान्यता दिलेली असेल, तरच तो धरावा.

दुसरा मार्ग नव्या बॉयलरचा, आणि येथे विज्ञानाचा एक सुंदर भाग येतो. मिथेन जळताना पाणी होते; १ किलो मिथेनमधून सव्वादोन किलो. तेलाच्या एका किलोतून निघणारे पाणी सव्वा किलोहूनही कमी भरते. हे पाणी वाफेच्या रूपाने धुराबरोबर जाते, आणि पाण्याची वाफ होताना जी उष्णता तिच्यात दडून बसते तीही वाया जाते. धूर जर सुमारे ५५ अंश सेल्सियसच्या खाली थंड केला, तर ही वाफ पुन्हा पाणी होते आणि दडलेली उष्णता परत देते. नव्या पद्धतीचे बॉयलर नेमके हेच करतात. त्यामुळे त्यांची कार्यक्षमता शेकडा ९० च्या पुढे जाते, आणि धूर इतका निवतो की त्याला विटांचे धुराडे लागत नाही, प्लॅस्टिकची नळी भिंतीतून बाहेर काढली की काम होते.

पण यातही एक अट आहे. धूर थंड करायचा तो घरातून फिरून परत आलेल्या पाण्याने. तेच पाणी जर ६५-७० अंशांवर परत येत असेल, तर धूर ५५ च्या खाली यायचा कसा? जुन्या घरांतील मोठे बिडाचे रेडिएटर कोमट पाण्यावरही खोली तापवू शकतात. पण भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या अरुंद पट्टीवजा रेडिएटरांना ८० अंशांपर्यंतचे पाणी लागेल असाच मूळ आराखडा असतो. तेथे बाहेरच्या हवामानाप्रमाणे पाण्याचे तापमान खालीवर करणारे नियंत्रण बसवले, तरच कडाक्याचे दिवस सोडून इतर वेळी हा लाभ मिळतो. ज्या घरात वाफच फिरते, तेथे तर हा लाभ जवळजवळ नाहीच. अशा घराला शेकडा ९५ चा आकडा दाखवणाऱ्या विक्रेत्याला एवढाच प्रश्न विचारावा, की परत येणारे पाणी किती अंशांवर असेल?

येथपर्यंतचा विचार नव्या यंत्राचा झाला. या कामातील खरा धोका मात्र जुन्या यंत्रणेचे जे मागे राहते, त्यात असतो. आणि त्याकडेच सर्वांचे दुर्लक्ष होते.

पहिले उदाहरण धुराड्याचे. घरात पहिला मार्ग पत्करला, किंवा धुराड्याला जोडायचा साधा वायू-बॉयलर घेतला, तर धूर जुन्याच विटांच्या धुराड्यातून जातो. तेलाचा धूर अधिक तप्त आणि कोरडा होता. वायूचा धूर तुलनेने थंड आणि ओला. तो वर चढता चढता थंडगार विटांवर पाणी सोडतो. हे पाणी वर्षानुवर्षांच्या काजळीत आणि गंधकाच्या क्षारांत मिसळून आम्ल बनते, चुना-सिमेंट खाते, आणि भिजलेली काजळी, खापऱ्या व विटांचे तुकडे सुटून धुराड्याच्या तळाशी साचतात. तेलाच्या काळात धुराडे तुंबले, तर वास आणि धूर गवगवा करत. वायूची ज्योत स्वच्छ असते. तिचा धूर घरात परतला तरी डोळ्यांना दिसत नाही, आणि हवा कोंडली की त्यात कार्बन मोनॉक्साइड होऊ लागतो. या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. नैसर्गिक वायूला मुद्दाम मर्कॅप्टनसारख्या द्रव्याचा दुर्गंध देतात. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत वासरहित वायू साचून स्फोट झाला आणि सुमारे ३०० जीव, बहुतेक मुले, मृत्युमुखी पडली. तेव्हापासून ही प्रथा सक्तीची झाली. पण हा दुर्गंध गळती सांगतो. जळल्यानंतर तो उरत नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइडची सूचना त्याच्याकडून मिळत नाही. यास्तव धुराडे आधी झाडून त्यात योग्य मापाचे पोलादी अस्तर सोडणे हा खर्च कितीही डोळ्यांवर आला, तरी टाळण्याजोगा नाही.

भिंतीतून नळी काढणाऱ्या बॉयलरलाही स्वतःची काळजी आहेच. ती नळी जमिनीपासून फार उंच नसते, आणि न्यू इंग्लंडमध्ये एका रात्रीत दोन-तीन फूट बर्फ पडणे अपूर्व नाही. जानेवारी २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बर्फाच्या ढिगाने अशी नळी बुजली आणि ७ वर्षांची एक मुलगी दगावली. त्याच वर्षी त्या राज्याने घराघरांत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवण्याचा कायदा केला. अशा नळीच्या वर भिंतीवर ८ फूट उंचीवर तेथे पाटी लावतात, ती बर्फ उपसणाऱ्याने आधी कोठे फावडे चालवावे हे कळण्यासाठी.

दुसरे उदाहरण टाकीचे. तळघरातील टाकी रिकामी करून, कापून, बाहेर काढता येते. कित्येक घरांत मात्र टाकी अंगणात पुरलेली असते. मागच्या मालकाने तेल सोडून वायू घेतला, टाकी तशीच मातीत ठेवली, घर विकले. पोलाद गंजत राहिले, आणि तळाशी उरलेले तेल झिरपत शेजाऱ्याच्या जमिनीपर्यंत गेले, असे प्रकार न्यू जर्सीत इतके घडले आहेत की तेथे जुने घर घेण्यापूर्वी अंगणात धातुशोधक यंत्र फिरवून घेणे ही रूढीच पडली आहे. माती उपसण्याचा भुर्दंड सामान्यतः चालू मालकावर पडतो, आणि अनेक विमापत्रे त्यातून अंग काढून घेतात. घर घेणाऱ्याला टाकी रीतसर काढल्याचा अथवा भरून बंद केल्याचा कागद मागायला संकोच वाटता कामा नये.

तिसरी गोष्ट दिसायला क्षुल्लक, दीड-दोन इंचांच्या नळीची. टाकी घरात असली तरी तिच्यात तेल भरण्याचे तोंड बाहेरच्या भिंतीवर असते, आणि शेजारीच हवा बाहेर पडण्याची दुसरी नळी असते. त्या दुसऱ्या नळीत एक शिट्टी बसवलेली असते. तेल आत जाऊ लागले की टाकीतील हवा शिट्टी वाजवत बाहेर पडते. शिट्टी थांबली की टाकी भरली, असे मोटारवाला समजतो. तो घरात येत नाही. बहुधा घरी कोणी नसतेच. आता कल्पना करावी, की टाकी काढून टाकली, वायू आला, पण भिंतीवरचे तोंड तसेच राहिले. तेल कंपनीच्या यादीतून घराचे नाव कमी झाले नाही, किंवा मोटारवाल्याने शेजारच्या घराऐवजी हेच घर गाठले. तो नळी जोडतो आणि शेकडो गॅलन तेल थेट तळघराच्या जमिनीवर ओततो. हे कल्पित नव्हे. असे प्रत्यक्षात एकाहून अधिक वेळा घडले आहे, आणि त्यापायी राहते घर सोडण्याची पाळीही लोकांवर आली आहे. शिट्टी वाजली नाही तर पंप लगेच बंद करावा, हा त्या धंद्यातील नियम आहे खरा. पण गोठवणाऱ्या वाऱ्यात कानटोपी घातलेल्या माणसाच्या कानावर आपले घर सोपवणे शहाणपणाचे नाही. म्हणून टाकीबरोबर ती नळीही काढावी आणि भिंतीतील भोक सिमेंटने बुजवावे.

मागे राहिलेल्या जुन्या वस्तूने केवढा अनर्थ होऊ शकतो, हे एका घरापुरते नसते. १३ सप्टेंबर २०१८ रोजी मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर या गावांत एकाएकी घराघरांतून आगी लागल्या, काही घरे स्फोटाने उडाली. रस्त्याखालील वायूचा जुना बिडाचा नळ बंद करून त्याजागी प्लॅस्टिकचा नळ चालू करण्याचे काम तेथे चालले होते. दाब नियंत्रित करणाऱ्या यंत्राला ‘नळात दाब किती आहे’ हे सांगणारी बारीक नळी मात्र जुन्या नळालाच जोडलेली राहिली. जुना नळ बंद होताच त्यातील दाब घसरला. यंत्राला वाटले, वायू कमी पडतो आहे, आणि त्याने झडप पूर्ण उघडली. नव्या नळातून घरांत कितीतरी पट दाबाचा वायू शिरला. एक तरुण मरण पावला, शंभराहून अधिक इमारतींचे नुकसान झाले, आणि हजारो घरे थंडी पडू लागल्यावरही कित्येक आठवडे वायूविना राहिली. तेलाच्या घरातील माणूस आपली टाकी आपण सांभाळतो. वायू घेणारा रस्त्याखालच्या, स्वतः कधी न पाहिलेल्या यंत्रणेशी जोडला जातो. हे टाळण्याचे कारण नव्हे, पण मोजण्याच्या बाबींत ही एक बाब आहे.

तेल सोडण्याने हवा सुधारते, याविषयी दुमत नाही. न्यूयॉर्क शहरात जेमतेम शेकडा १ इमारती डांबरासारखे दाट तेल जाळत, आणि त्यांची काजळी शहरातील सर्व मोटारींहून अधिक होती. २०११ च्या नियमाने त्यातील सर्वांत दाट तेल २०१५ अखेर बंद झाले आणि पुष्कळ इमारती वायूवर आल्या. सारख्याच उष्णतेसाठी वायू तेलापेक्षा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक कमी कार्बन डायऑक्साइड सोडतो. परंतु मिथेन न जळता वातावरणात गळला, तर वीस वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो, आणि जुन्या शहरांचे नळ गळके आहेत. याच विचाराने न्यूयॉर्क शहराने २०२१ मध्ये नव्या इमारतींत इंधन जाळण्यावर बंधन आणणारा कायदा केला. त्याच राज्यातील वेस्टचेस्टर भागात मार्च २०१९ मध्ये निराळ्याच कारणाने, म्हणजे नळांतून पुरेसा वायू येत नाही म्हणून, नव्या जोडण्याच थांबल्या होत्या. विजेवर चालणारा उष्णतेचा पंप हा तिसरा पर्याय आता कडक थंडीतही काम देतो. म्हणून आज तेल सोडणाऱ्याने पुढील वीस वर्षे वायूला बांधून घेण्यापूर्वी त्याचेही दरपत्रक मागवणे रास्त ठरेल. ज्या खेडेगावांत वायूचा नळच गेलेला नाही, तेथे तर हीच निवड उरते.

आणि निर्णय वायूचाच झाला, तर काम उन्हाळ्यात काढावे. वसंतापासूनच टाकी पूर्ण भरून घेणे बंद करावे, म्हणजे मागे थोडेच तेल उरते. रस्त्यापासून घरापर्यंत नळ आणि मीटर आणण्यास वायू कंपनीला कित्येकदा महिने लागतात. तोपर्यंत जुना बॉयलर मोडू नये. घराच्या उष्णतेची गरज खोल्या, खिडक्या व भिंती मोजून नव्याने काढावी, कारण जुने बॉयलर बहुधा गरजेहून मोठे बसवलेले असतात. तेल कंपनीला आपोआप तेल टाकण्याचा करार संपल्याचे लेखी कळवावे. नवी ज्योत प्रथम पेटली, की कारागिराकडून धुरातील कार्बन मोनॉक्साइड मोजून घ्यावा, तो आकडा बॉयलरला बांधलेल्या पत्त्यावर तारखेसह लिहून ठेवावा, आणि तो गाडीत बसण्यापूर्वी त्याच्यासह एकदा बाहेर जाऊन भिंतीवरचे तेलाचे तोंड खरोखरच निघाले आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.